छताचे बोल्ट

आमच्या सेलू तालुक्यातल्या वावराचा निम्म्याहून मोठा तुकडा समृद्धी महामार्गात गेला. थेट खरेदीचं खरेदीखत झालं, मोबदला खात्यावर आला, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मुलीच्या घराला हातभार लावून झाला. उरलेली रक्कम काही वर्षं मुदत ठेवीत पडून होती. तिच्यातून मी पंधरा लाख वेगळे काढले. ते कशासाठी, हे घरात सांगायला मला तीन महिने लागले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मला एक जुनी स्पोर्ट्स मोटार घ्यायची होती.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, एवढ्यात नवीकोरी गाडी येते. सनरूफवाली." बायको एवढंच म्हणाली, "अहो, त्या गाडीत माझ्या गुडघ्यांना जागा असेल ना?" आक्षेप दोघांचेही रास्त होते. माझ्यापाशी उत्तर नव्हतं, फक्त बरीच जुनी हौस होती.

तिची सुरुवात लाकडी बैलापासून धरावी लागेल. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आमच्या भागात नावाजलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत निघतात. काही नंदी माणसाच्या उंचीचे, नक्षीचे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. माझा वीतभर होता आणि त्याचं पुढचं एक चाक लंगडत होतं. मी त्याला दोरीनं भरधाव ओढायचो. तो दर दहा पावलांवर उलटायचा. आजोबा म्हणायचे, "हळू ने ना रे बाबू, बैल हाय तो, मोटार नोहे." मला मात्र तो मोटारच वाटायचा.

मोटार आणि बैल यांची गाठ आजोबांनीच एका गोष्टीत घालून दिली होती. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याहून शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. जेमतेम आठ किलोमीटरचं अंतर, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की चाकाला धरलेली माती चाकाएवढीच व्हायची. तेव्हा म्हणे जमनालालजी बजाजांनी आपल्या एका जुन्या फोर्डचं इंजिन काढून टाकलं आणि तिला बैलजोडी जुंपली. बैल पुढे, फोर्ड मागे, म्हणून गमतीनं तिचं नाव पडलं ऑक्सफर्ड. आजोबा कापसाच्या गाड्या घेऊन वर्ध्याच्या जिनात जायचे; ही गोष्ट त्यांनी तिथेच कुठेतरी ऐकली असणार. मला त्यातला विनोद कळायला इंग्रजी पाचवीपर्यंत थांबावं लागलं. गांधीजींपेक्षा मला काळजी त्या काढलेल्या इंजिनाची वाटायची. ते कुठं ठेवलं असेल?

मग आली खरी मोटार. वर्ध्याचे एक डॉक्टर व्हिजिटला आमच्या गावी यायचे, बहुधा 1966 साल असेल. त्या काळी देशात घरगुती मोटार म्हणजे ॲम्बॅसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड. डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड होती, फिकट पिस्ता रंगाची, दोनच दारांची. गावाच्या वेशीशी इंजिन तापलं आणि डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. बॉनेट कसलं, गाडीचं सगळं नाकाडच! दिवे, मडगार्ड, सगळं एका झटक्यात पुढे कलंडलं आणि आत इंजिन, रेडिएटर, पुढच्या चाकांचे दांडे उघडे पडले. आम्ही पोरं दोन पावलं मागे सरलो. गाडीनं आ वासला होता. डॉक्टर पुढच्या टायरवर बसले आणि खिशातून पाकीट काढून सिगारेट ओढत इंजिन निवायची वाट पाहू लागले. डॉक्टर, सिगारेट आणि उघडी गाडी, तिन्ही गोष्टी त्या दिवशी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिल्या. पैकी एकीचं व्यसन लागलं.

मधली चाळीस वर्षं भरभर सांगतो, कारण ती बहुतेकांची सारखीच आहेत. लायसन-परमिटच्या काळात स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली. ज्या घराण्यानं स्कूटर देशाला दिली त्याची मुळं आमच्याच वर्ध्यात, बजाजवाडीत, याचा त्या रांगेत काही उपयोग नव्हता. ती आली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर बायको, पुढे मुलगा आणि पायाशी पिठाची पिशवी असा संसार झाला. मग एक सेकंडहँड मोटार. वर्ध्याचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा शेहेचाळीसच्या वर गेला की पेट्रोल पंपातच उकळायचं, नळीत वाफ अडायची आणि गाडी बसकण मारायची. डिकीत कायम एक ओलं फडकं आणि पाण्याची बाटली. फडकं पंपावर गुंडाळायचं, झाडाखाली बसायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवायची. मुलाला वाटायचं, झाडाखाली थांबणं हा प्रवासाचाच भाग असतो.

तर पंधरा लाख आणि एक हौस. शोध सुरू केला तेव्हा कळलं की 'स्पोर्ट्स मोटार' हा शब्द आपल्याकडे फार सैल आहे. मी आधी पोस्टरवरच्या राण्यांकडे गेलो. महाराजांच्या गॅरेजमधल्या जॅग्वार वगैरे सोडूनच दिल्या. एमजी टीसी मात्र मनात भरली. 1945 ते 1949 मधली, 1250 सीसीची, तारांच्या आऱ्यांची उंच बारीक चाकं, लांब नाक, आणि स्टिअरिंग आपल्याच बाजूला. जगात दहाएक हजार बनल्या, काही तेव्हाच भारतात उतरल्या. एका संग्राहकानं आपलेपणानं बसवलं. बसलो आणि लक्षात आलं की दाराला काच नाही. खिडकीच्या जागी अडकवायचा पडदा. आमच्याकडे होळी उलटली की गरम लू तोंडावर थप्पड मारते. त्या गाडीतून मी वर्धा ते आर्वी गेलो असतो तर पापडासारखा भाजून निघालो असतो. शिवाय तिची किंमत माझ्या आकड्याकडे पाहून हसत होती.

मग गोव्याकडे नजर गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सनं स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनवली होती. फायबरचं अंग, आत रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. आपल्या मराठी-कोकणी मातीत बनलेली स्पोर्ट्स मोटार म्हणून मला तिच्याबद्दल जरा जास्तच माया वाटते, हे कबूल करतो. दुर्मिळ म्हणाल तर फारच. आणि तिथेच अडलं. इंजिन रेनॉचं, ते कुठूनतरी उभं राहील. पण उद्या म्हशीनं शेपटी मारून बंपरचा कोपरा उडवला तर तो कोपरा कुणाकडे मागायचा? बंगलोरच्या सिपानी डॉल्फिनचाही विचार केला, तीही फायबरची, वजनानं हलकी म्हणून रॅलीवाल्यांची लाडकी. तिच्या बाबतीतही प्रश्न तोच.

माझ्या यादीत हळूहळू एक शब्द मोठा होत गेला: वापरता येण्याजोगी. तो कागदोपत्रीही खरा निघाला. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार. वाचून छाती फुगली. पुढचं कलम वाचलं. अशी गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी. म्हणजे मान मोठा, पण घराबाहेर पडायचं ते निमंत्रणपत्रिका घेऊनच. मला सकाळी उठून बिनकामाचं पवनारपर्यंत जाऊन यायचं होतं. त्यासाठी हवी होती साध्या जुन्या नंबरची, दर पाच वर्षांनी फिटनेस करून, पर्यावरण कर भरून पासिंग जिवंत ठेवलेली गाडी. ही अट घातली आणि अर्धी यादी गळाली.

मग हेराल्ड. खरं सांगायचं तर मी तिला स्पोर्ट्स मोटार समजतच नव्हतो. ती डॉक्टरांची गाडी होती. वाचत गेलो तसं डोकं चक्रावलं. इंग्लंडमध्ये 1959 साली आलेली ट्रायम्फ हेराल्ड, आकार इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्तीचा. मद्रासला 1961 पासून ती स्टँडर्ड नावानं बनू लागली, 948 सीसीची, पस्तीसेक अश्वशक्तीची. इतर गाड्यांचा सांगाडा आणि अंग एकजीव होत असताना हिची चासी वेगळी राहिली आणि तिच्यावर अंग तुकड्या-तुकड्यांनी बोल्टनं बसवलं गेलं. 1962 मध्ये ट्रायम्फनं तीच चासी आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स मोटार चढवली. जगभरात शौकीन मिरवतात ती स्पिटफायर आमच्या डॉक्टरांच्या पिस्ता गाडीची सख्खी बहीण! त्या बहिणीमुळेच इंग्लंडात आजही हिचे सुटे भाग नव्यानं मिळतात. आणि सर्वांत कहर म्हणजे दोन दारांच्या हेराल्डचं छतही बोल्टवरच असतं. काढलं की निघतं.

खोट नाही असं नाही. मागची चाकं स्विंग ॲक्सलवर. वळणावर आवेशात ब्रेक मारलात तर बाहेरचं चाक पोटाशी दुमडतं आणि ढुंगण भलतीकडे जातं. आपल्या रस्त्यांवर त्या मागच्या रचनेनं इतकं छळलं की पुढे हेराल्डच्या जागी आलेल्या गॅझेलला साधा सरळ ॲक्सल दिला गेला. पण मी सदुसष्टचा आहे. वळणावरचा माझा आवेश आता कागदावरच उरलाय.

गाडी मिळाली विदर्भातच, एका शेडमध्ये, भुशाच्या पोत्यांखाली. पासिंग जिवंत, पत्रा बरा, चासीच्या आडव्या दांड्यांना गंज. घेतली त्याच्या दुप्पट पैसे तिला उभी करण्यात गेले, तरी पंधरा लाखांतले निम्मे शिल्लक राहिले. ते पाहून मुलगा म्हणाला, "मग आता नवीही घ्या." मुलगा हुशार आहे.

खरी अडचण पैशाची नव्हती, हाताची होती. कार्ब्युरेटर कानानं लावणारे मिस्त्री संपत आलेत. वर्ध्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडी पाहिली, बॉनेट पुढे कलंडवलं आणि पुढच्या टायरवर बसला. डॉक्टर बसायचे तसाच. मला तिथेच त्याला गाडी सोपवावीशी वाटली. त्यानं आधी पेट्रोलच्या नळ्या काढून फेकल्या. "बाबूजी, आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल राह्यते. जुनं रबर खाऊन टाकते थे. इथेनॉल सोसते अशा रबराच्या नळ्या लावू." मी म्हटलं, आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात एवढी उघड विक्री! तो हसला नाही. त्यानं पंप आणि एक्झॉस्ट यांच्या मध्ये पत्र्याची एक ढाल ठोकली आणि म्हणाला, "आता ओलं फडकं नाय लागत." फडकं मी तरीही ठेवलंय.

समृद्धीवर एकदाच गेलो. येळाकेळीला चढलो. मोटारींना ताशी 120 ची मुभा. माझी हेराल्ड ऐंशीला पोचली तेव्हा तिचा प्रत्येक बोल्ट स्वतःचं नाव सांगत होता. शेजारून गाड्या अशा जात होत्या की आम्ही थांबलोय असं वाटावं. सिमेंटचा सरळसोट पट्टा, झाड नाही, वळण नाही. आमचं वावर कुठं गेलं तेही कळलं नाही. कुंपणापलीकडून ते मला नेहमी दिसतं, कुंपणाआतून दिसलं नाही. पुढच्या फाट्याला उतरून जुन्या रस्त्यानं परत आलो. गोरस भांडारातून गोरसपाक घेतला आणि घरी बायकोला सांगितलं की गाडी उत्तम धावली.

छताचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. कायदा स्पष्ट आहे, नोंदणीपत्रावरचा गाडीचा आकार परस्पर बदलायचा नाही. बंद गाडी ती बंदच. पण वावर आपलं. यंदा तूर निघाल्यावर गाडी उरलेल्या तुकड्यात नेली. मिस्त्री, त्याचा पोरगा, आमचा सालदार आणि मी, चौघांनी मिळून बोल्ट सोडवले आणि छत उचलून लिंबाखाली ठेवलं. उघडी हेराल्ड अचानक बारीक, लांब, बेफिकीर दिसू लागली. बायको शेजारी बसली. गुडघे बसले.

धुऱ्याच्या कडेनं दुसऱ्या गिअरात निघालो. ढेकळांवर गाडी डुलत होती. कुंपणापलीकडे महामार्गावरून ट्रक सुसाट चालले होते. वावराच्या टोकाला पोचल्यावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. हेराल्ड पंचवीस फुटांत वळते, हे वाचलं होतं, आता पाहिलं. बैलजोडी वखर घेऊन जिथं वळायची त्याच जागेत ती वळली. सालदार ओरडला, "अजी, थे तर तासाले लागली!" आणि खरंच, आम्ही वखराच्या जुन्याच तासानं परत येत होतो.

दहा-बारा तास झाले असतील. ऊन चढलं, बायकोनं पदर डोक्यावर ओढला. छत परत चढवलं, बोल्ट आवळले. शेवटी मिस्त्रीच्या तळहातावर एक वायसर उरला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, आणि माझ्या हातात दिला.

"राहू द्या जी," तो म्हणाला. "पुढल्या साली खोलाच लागते."