फुगलेले दार

कोकणात समुद्राकाठी आमचे घर आहे. अंगणाच्या कडेला मोटार ठेवण्याची खोली असून तिचे दार लाकडी आहे. मी बारा वर्षांचा असताना ऐन पावसाळ्यात ते चौकटीत असे घट्ट बसले, की काही केल्या हलेना. नाना, म्हणजे माझे वडील, परगावी गेले होते. मी धक्के देऊन दार उघडले, रंधा घेतला व त्याची कड दोन सूत तासली. दार सहज मिटू लागले. अभिमानाने माझी छाती फुगली!

नाना परतले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "अरे, दमट हवेत लाकूड ओल शोषून रुंदीत फुगते. हवा कोरडी झाली, की ते पुन्हा आटते. थोडा धीर धरायचा होतास."

हिवाळ्यात दार आटले आणि फट पडली. तिच्यातून उंदीर शिरले व त्यांनी मोटारीची गादी कुरतडली. मी ओशाळलो.

फाल्गुनात, लाकूड पुरते सुकल्यावर, आम्ही दोघांनी कडेला सागाची पट्टी ठोकली, बिजागऱ्यांना तेल घातले आणि दाराला रंग दिला. वरच्या-खालच्या कडाही सोडल्या नाहीत, कारण लाकडाच्या कापलेल्या टोकांतून ओल लवकर आत जाते. पुढच्या पावसाळ्यात दार किंचित फुगले, पण अडले नाही.

आजही एखादे दार अडले, की रंधा शोधण्याआधी मी ऋतूचा विचार करतो.