पेडण्यातली कटिंग

बेळगावहून पेडण्याला जायचे दोन रस्ते. एक चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा असा. दुसरा आंबोलीवरून सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीचा नाका. मला दुसरा आवडतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या सत्याग्रहींचं स्मारक पत्रादेवीला आहे. तिथं दोन मिनिटं थांबायचं आणि पुढं निघायचं. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला, म्हणजे हा 'नव्या काबिजादी'तला भाग. इथली बोली मालवणीला लागून, देवळात आरती मराठी. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना इथं परकं वाटत नाही.

पेडणे ही माझी सासुरवाडी. कोजागरीला इथली 'पुनव' असते. देवळासाठी रुसून रानाकडे धाव घेणारा भूतनाथ आणि त्याला समजावून परत आणणारे गावकरी, हा सोहळा बघायला दुरून माणसं येतात. मागच्या वेळी आम्हीही सहकुटुंब गेलो. सणाला निघायच्या गडबडीत माझी कटिंग राहून गेली होती. म्हटलं, पेडण्यातच उरकू.

भगवतीच्या देवळासमोरचे दोन दगडी हत्ती पाहून मी बाजारात शिरलो. पूर्वी सासऱ्यांबरोबर जायचो ते दुकान शोधलं. एक लाकडी खुर्ची, पारा उडालेला आरसा, तुरटीचा खडा. म्हातारा म्हालो (कोकणीत न्हाव्याला म्हालो म्हणतात) कात्रीनं अर्धा तास केस कापायचा आणि तेवढ्यात काजूच्या भावापासून कोणाच्या मुलीचं कुठं जमलं इथपर्यंत सगळं सांगायचा. ते दुकान आता बंद आहे. थोडं पुढं काचेचं दार आणि एसी असलेलं सलून दिसलं. आत शिरलो.

खुर्चीमागचा मुलगा विशी-बाविशीचा. एका कानात इअरफोन. मी मराठीत सांगितलं, "बाजूचे थोडे कमी, वरचे राहू द्या." त्यानं मान हलवली आणि मशीन लावलं. एक नंबर. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर! कानावरचे केस गेल्यावर मी "अरे, अरे" म्हणालो, तोवर मागची बाजूही साफ झाली होती. भिंतीवरच्या फुटबॉलपटूच्या चित्राकडे बोट दाखवत तो म्हणाला, "अंकल, यही चल रहा है." चित्रातल्या माणसाला वर भरपूर केस होते. मला नाहीत. पंचेचाळिशीतल्या मास्तरच्या डोक्यावर ते प्रकरण उलट्या ठेवलेल्या करवंटीसारखं दिसत होतं. बेळगावला आमचा नेहमीचा माणूस "सर, बाजूला स्वल्प सण्ण माडू का?" असं दोन भाषा एकत्र कालवून तीनदा विचारतो, मग कात्री उचलतो. त्या तीनदा विचारण्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

पैसे देताना मी उगाच गाव विचारलं. गोरखपूरकडचा होता. इअरफोन काढून आपणहून बोलायला लागला. वडील गावात हेच काम करतात, अजून काही घरांकडून वर्षाचं धान्यच मिळतं, लग्नात बोलावतात पण पंगतीत बसवत नाहीत. विमानतळ झाल्यावर इकडे गिऱ्हाईक वाढेल असं कोणी सांगितलं, म्हणून तो आला होता. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला.

घरी आल्यावर सासरे माझ्याकडे बघून मनसोक्त हसले. जुन्या म्हाल्याची चौकशी केली तेव्हा म्हणाले, "तेचो झील मोपार कामाक लागलो. आता कात्री कोण धरतलो?" त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती. मला ती पटली नाही. आपण बारा बलुतेदार म्हणतो, कन्नड मुलखात त्यांना आयगार म्हणतात; व्यवस्था तीच. सुगीला दोन पायली भात आणि बसायला पायरी, घरात नाही. आपल्याकडे सेना न्हाव्याचे अभंग गातात, बसवण्णांचे सोबती हडपद अप्पण्णांची जयंती करतात, 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' असं अभिमानानं सांगतात. पण या तिघांचं नाव घेणाऱ्या घरांतसुद्धा म्हाल्यासाठी कपबशी वेगळी असायची, हे आपल्या आजीला विचारावं. त्याच्या मुलानं महिन्याचा पगार आणि गणवेश निवडला तर त्याला परत बोलवायचा हक्क कुणाला आहे? माझी कटिंग बिघडली ती बिघडली.

एक गोष्ट मात्र सासऱ्यांनीच नंतर सांगितली. गोव्यातल्या पुष्कळ देवळांत पालखीपुढं दिवटी धरायचा मान म्हाल्याचा. गावच्या देवळातली आपली पाळी आली की हा मुलगा विमानतळावरची ड्यूटी बदलून घेतो, रात्रभर दिवटी धरतो आणि सकाळच्या शिफ्टला हजर होतो. कात्रीला मात्र हात लावत नाही.

रात्री पुनवेला मी डोक्यावर टोपी घालून गेलो. बायको म्हणाली, थंडी कुठं आहे?