सूत्रधाराचे कान

सांगत-ऐकत खेळायच्या खेळांचे वेड आम्हांला निवृत्तीनंतर लागले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकनांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतला आद्य खेळ. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे वीरांची सोंगे घेतात. वाटेत भेटणाऱ्या राक्षसांच्या वतीने सूत्रधार बोलतो, लढतो आणि यशापयश फासे ठरवतात.

सूत्रधारपद आमच्याकडे आले तेव्हा आमचे राक्षस मठ्ठ होते. शेजारच्या दालनात शस्त्रांचा खणखणाट चालला असताही ते जागचे हलत नसत, आणि दार उघडताच ओळीने येऊन मरत. मित्र जांभया देऊ लागले.

मग ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या अंकातले रॉजर मूर यांचे संपादकीय वाचनात आले. कोबोल्ड हे या खेळातले अगदी दुबळे, खुजे जीव. पण टकर नावाच्या सूत्रधाराच्या हाती ते अरुंद बोळांत आगी लावून, आडून मारा करून बलाढ्य वीरांना पळवून लावत. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आम्हांला हे तत्काळ पटले.

पुढच्या रविवारी आमचेही कोबोल्ड दबा धरून बसले. मांत्रिकाचे मंत्र संपल्याचे हेरून त्यांनी नेमके त्यालाच घेरले. मांत्रिक झालेला मित्र फासे बाजूला सारून म्हणाला, “मंत्र संपल्याचं मी तुला सांगितलं होतं. त्यांना कोणी सांगितलं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे दोन रविवार तो आला नाही. चाळीस वर्षांचा स्नेह. अखेर त्याच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली.

तेव्हापासून प्रत्येक जिवाविषयी तीन गोष्टी आम्ही आधीच लिहून ठेवतो: त्याला हवे काय, त्याने स्वतः पाहिले-ऐकले काय, आणि तो माघार केव्हा घेईल. भुकेला लांडगा मागे पडलेल्याला गाठेल, पण जखम होताच निघून जाईल. पहारेकरी लढण्याआधी ओरडून इतरांना उठवील. बुद्धीच नसलेले चालते प्रेत मात्र सरळ अंगावर येईल, तेही योग्यच. माघारीची युक्ती तर जुन्या नियमांतच आहे. १९८१ च्या प्राथमिक नियमावलीत प्रत्येक जिवाला धैर्याचा एक अंक दिलेला आहे. त्यांच्यातला पहिला मेला की एकदा, आणि निम्मे पडले की पुन्हा, सूत्रधाराने दोन फासे टाकावेत. बेरीज त्या अंकाहून अधिक आली, तर ते पळतात वा शरण येतात. कोबोल्डांचा अंक ६, चालत्या प्रेतांचा १२.

परवा अशाच एका कोबोल्डाने शस्त्र टाकले. त्याला मारावे की सोडावे, यावर अर्धा तास वाद रंगला. शेवटी त्याच मित्राने विचारले, “तुझ्या घरी कोण कोण आहे रे?” एवढे आम्ही लिहून ठेवले नव्हते. फासे हातातच राहिले, आणि त्या खुज्या जिवाच्या जागी बसून आम्ही उत्तर शोधू लागलो.