जठारपेठेतील गाडगे, खराटा आणि वाकळ

अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी साडेसहानंतर पायी चालायचे असेल, तर माणसाने आपली घाई घरीच ठेवून निघावे. त्या वेळी दवाखान्यांतून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडणारे नातेवाईक, शिकवणी सुटलेली मुले, भाजीच्या हातगाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या दुचाक्या हे सारे एकाच रस्त्यावर असते. बाहेरगावच्या पाहुण्याला आपण राजराजेश्वराच्या दर्शनाला नेतो, असदगड दाखवतो, फार तर बाळापूरच्या छत्रीपर्यंत घेऊन जातो. जठारपेठ पाहायला कोणी येत नाही, कारण इथे माणसे राहतात.

मी या रस्त्याने बावीस वर्षे गेले. चालले मात्र गेल्या उन्हाळ्यापासून. तोवर माझा आणि जठारपेठेचा संबंध स्कूटरवरून येता-जाता जेवढा येईल तेवढाच होता. सकाळी कार्यालय गाठायचे आणि संध्याकाळी भाजी व औषधे घेऊन घरी यायचे. चालण्याची वेळ आली ती आईमुळे. वडील गेल्यावर मूर्तिजापूर तालुक्यातल्या गावाहून ती माझ्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास एके दुपारी रिकामी बादली घेऊन ती फाटकाशी उभी होती आणि विहीर कुठल्या बाजूला आहे, असे शेजारणीला विचारत होती. आमच्या इमारतीला विहीर नाही. तिच्या माहेरी होती.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉईडचा दोष असेल, तरीही विस्मरण होऊ शकते आणि ते उपचाराने सुधारू शकते, म्हणून वयाला दोष देण्यापूर्वी या तपासण्या करायच्या असतात. आईचे दोन्ही अहवाल व्यवस्थित आले. पुढच्या तपासण्यांनंतर स्मृतिभ्रंशाची ही सुरुवात असल्याचे त्यांनी सांगितले. औषध दिले, आणि त्यासोबत दोन गोष्टी सांगितल्या: रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने थोडे चालवा आणि त्यांच्या हातांना काम द्या. आमचे घर ते सातव चौक आणि परत, असा आमचा रस्ता ठरला. वेग आईने ठरवला. त्या वेगामुळेच बावीस वर्षे जे दिसले नव्हते ते दिसू लागले.

पहिल्यांदा दिसले ते माठ. होळी झाली की आमच्या बाजूला रस्त्याच्या कडेला माठांच्या राशी लागतात. आई तिथे थांबली, खाली बसली आणि बोटाच्या पेराने एकेक माठ वाजवून पाहू लागली. चौथा माठ तिने बाजूला सारला. “हा नको, याले चीर हाये.” मला चीरही दिसली नाही आणि आवाजातला फरकही कळला नाही. कुंभारीण माझ्याकडे पाहून हसली. “बुढीचा कान पक्का हाये व बाई.”

सवयीने मी दहा रुपये कमी करायला सांगितले. सकाळी जेवणात काय होते हे जिला दुपारी सांगता येत नव्हते, ती आई ताडकन म्हणाली, “मातीचे पैसे कोणी कमी करते काय? भाजायले लाकूड लागते.” मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले.

माठात पाणी गार होते ते त्याच्या सच्छिद्र अंगामुळे. पाणी झिरपून बाहेरच्या पृष्ठभागावर येते, तिथून त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हिशेब मांडायचा तर दहा लिटर पाण्यातले केवळ शंभर मिलिलिटर पाणी उडाले, तरी उरलेल्या पाण्याचे तापमान सुमारे सहा अंशांनी उतरण्याएवढी उष्णता निघून जाते. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवाही माठाला तापवत असते, म्हणून हे काम दिवसभर चालूच राहते. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी असते. माठाला याहून अनुकूल प्रदेश कोणता असणार! त्याच कारणाने श्रावणातल्या दमट हवेत माठ कुचकामी ठरतो, आणि त्याच कारणाने हल्ली मिळणारे रंगवलेले, चकचकीत नक्षीचे माठ मला पटत नाहीत. तैलरंगाने किंवा वार्निशने छिद्रे बुजली की उरते ती मातीची बरणी. साधा माठ घ्यावा. आणल्यावर एक दिवस पाण्यात ठेवावा, साबणाऐवजी नारळाच्या काथ्याने घासावा, रोज पाणी बदलावे आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. प्रत्येकाचा हात आत जाऊ लागला तर त्या गार पाण्यातून पोटाचे विकार घरभर फिरतात.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. आईने वडिलांची घागर भरली. कुणीही न सांगता सारे क्रमाने केले, नाव घेताना आवाज थोडा कापला, पण चुकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारले, तुझे बाबा शेतातून अजून कसे आले नाहीत? घागर तिच्या समोरच होती.

त्या उन्हाळ्यात मला गाडगेबाबांची आठवण वारंवार होत राहिली. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले बाबा वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी. आईच्या माहेरी त्यांचे नाव घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे घेतले जाई. मातीचे गाडगे, खराटा आणि चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र एवढ्या साहित्यावर त्या माणसाने महाराष्ट्र झाडून काढला आणि धर्मशाळा उभ्या केल्या. आपण त्यांच्या कीर्तनाचे दाखले देतो, खराट्याचेही देतो. पण या तिन्ही वस्तू कुणीतरी हाताने बनवलेल्या असतात, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. माझ्या घरात तर त्यांतली एकही नव्हती.

खराटा मिळायला फार शोधावे लागले नाही. सदनिकेत अंगण नाही, तरी जिन्यासमोरची फरशी आई रोज झाडते. वाकल्याने तिचे गुडघे दुखू लागले तेव्हा खराट्याला काठी बांधून दिली. शिंदीच्या पानांची केरसुणीही आणली. दिवाळीत लक्ष्मी म्हणून जिची पूजा करायची, ती वर्षभर प्लास्टिकची असावी हे मला आता जरा विचित्र वाटते.

सुपाचे प्रकरण थोडे निराळे. बुरुडाने विणलेले बांबूचे सूप आईने हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि मेथ्या आहेत का, असे विचारले. भिजवून वाटलेल्या मेथ्या आणि कागदाचा लगदा यांनी सूप लिंपायचे असते, म्हणजे विणीच्या फटी बुजतात आणि सूप टिकते. मला हे ऐकूनही ठाऊक नव्हते. बांबू आमच्याकडे पूर्वीपासून मेळघाटातून येतो. तिथे धारणी तालुक्यात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, आणि तिथल्या आदिवासी कारागिरांनी बनवलेल्या बांबूच्या राख्या दूरदूरच्या शहरांत जाऊ लागल्या. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला कायद्याने झाड मानणे २०१७ साली बंद झाले. तोवर स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेण्यासाठीही परवानगीचे कागद लागत. एका साध्या सुपाच्या मागे एवढे सारे असते. आई त्यात ज्वारी पाखडते. खडे वेगळे झाले की ते बोटाने उचलून ती फेकते, आणि कधीकधी तेच दाणे पुन्हा पाखडायला घेते.

आता वाकळीविषयी. आपण शहरातले लोक तिला गोधडी म्हणतो. आईच्या तोंडी वाकळ हाच शब्द आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून ते जाड दोऱ्याच्या धावदोऱ्याने शिवायचे. बंगालमधील कांथा किंवा बिहारमधील सुजनी याच कुळातल्या. परंतु वऱ्हाडात या वस्तूकडे पाहताना मला एक गोष्ट खुपते. हा कापसाचा प्रदेश. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये आगगाडी अकोल्यावरून पुढे नागपूरपर्यंत पोचली आणि गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या. आणि ज्या घरांनी तो कापूस वेचला, त्यांच्या पांघरुणात कापूस नसे. वाकळीत असतात ते विरलेल्या कापडाचे थर, त्यात कापसाचा एक बोंडही नाही. काटकसरीचे आपण कौतुक करतो ते ठीक. पण ही काटकसर कुणाच्या वाट्याला आली, तेही लक्षात असावे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई मागणीनुसार वाकळी शिवून देतात. दिवाळी तोंडावर आली होती. आईच्या जुन्या साड्या आणि वडिलांची तीन धोतरे घेऊन आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओटीवर थर पसरले, कडा टाचल्या आणि पहिली ओळ घालायला घेतली. आई थोडा वेळ पाहत राहिली. मग काही न बोलता तिने त्यांच्या हातातले दाभण घेतले आणि शिवू लागली. मी अडवायला पुढे झाले, तर त्या बाईंनी डोळ्यांनीच मला थांबवले. आईची ओळ वीतभर लांब झाली. टाके एकसारखे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. त्या दिवशी सकाळी ती माझे नाव विसरली होती.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही. प्रसंगांची आणि नावांची स्मृती आणि वर्षानुवर्षे सरावाने हातात मुरलेली कृती यांचे मेंदूतले मार्ग वेगवेगळे असतात. या आजारात पहिली लवकर झिजते, दुसरी पुष्कळदा बराच काळ टिकते. मात्र वाकळ शिवल्याने विस्मरण बरे होत नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मी ते इथे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी एका कानातून दुसऱ्या कानात जाताना औषध बनून जातात. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना अनुभवातून सांगते: दाभण एकच द्यावे, ते मोजून द्यावे आणि मोजून परत घ्यावे, दोरा गडद रंगाचा, उजेड खिडकीचा आणि बैठक भिंतीला टेकून असावी. अर्ध्या तासाने काम थांबवावे, नाहीतर मान धरते. आणि शिवून किती झाले, हे विचारू नये.

वाईट दिवसही असतात. एकदा बोटाला टोचले तेव्हा तिने सारी वाकळ भिंतीकडे भिरकावली आणि मला आपली मोठी बहीण समजून तासभर माझ्याशी भांडली. कधी वडिलांच्या धोतराचा काठ हातात आला की ती थांबते, तो चेहऱ्याशी नेते आणि हे कोणाचे, म्हणून विचारते. सुरुवातीला मी खरे उत्तर देत असे आणि दर वेळी ती नव्याने रडत असे. आता मी म्हणते, आपलेच आहे. हे योग्य की अयोग्य, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

शिवणाऱ्या बाईंचे पैसे मी पूर्ण दिले, अर्धवट कामासकट. एक वाकळ शिवायला किती दिवस लागतात, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, घरचे आटोपून दुपारी बसले तर आठ-दहा दिवस. मनातल्या मनात भागाकार केला, तेव्हा शेतमजुरीच्याही निम्मे पडत नव्हते. मोठ्या शहरातल्या एका प्रदर्शनात ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावलेली, यंत्रावर शिवलेली गोधडी मी याच्या चौपट किमतीला विकत घेतली होती. ती आता कपाटाच्या वरच्या खणात आहे. बाईंना मी आणखी दोन वाकळी सांगितल्या आणि भाव त्यांनाच ठरवायला सांगितला. त्यांनी पन्नास रुपये वाढवले, आणि तेही संकोचाने.

आमची वाकळ मात्र पुरी होत नाही. आई संध्याकाळी फिरून आल्यावर कधी चार ओळी घालते, तर कधी आदल्या दिवशीच्या ओळी चुकल्या असे म्हणून उसवते. पहिल्या काही आठवड्यांत मी ती झोपल्यावर उसवलेले टाके पुन्हा घालून ठेवत असे. माझे टाके वेडेवाकडे असल्याने ते तिला लगेच ओळखू यायचे आणि ती तेवढेच उसवायची. आता मी हात लावत नाही.

मागच्या आठवड्यात दोरा संपला. सातव चौकाकडून परतताना आम्ही दोन रिळे घेतली. दुकानदाराने कोणता रंग म्हणून मला विचारले. आईने काउंटरवरची तांबडी रिळे बोटाने दाबून पाहिली, दोरा दातांनी ओढून पाहिला आणि त्यांतली दोन निवडली.