सहाच्या पुढे

लालबागच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत बोहारणीनेही नाकारलेली अशी एकच वस्तू होती. तिचे वजन बत्तीस किलो. पुढून पाहिले तर मांजर कोंडायचा पिंजरा वाटावा, मागून पाहिले तर देव्हाऱ्याची पाठ वाटावी. आणि आई तिच्यावर तांदूळ निवडायचे सूप ठेवीत असे. ही वस्तू म्हणजे माझ्या बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. पुढे चाळ सुटली, आई गेली, मी मुलुंडला आलो आणि दादा डोंबिवलीला गेला. पण हा खोका काही मला सुटला नाही. गेली पंधरा वर्षे तो पलंगाखाली निमूट पडून होता. गेल्या पावसाळ्यात दादाच्या नातीचा फोन आला, "बाळआजोबा, तुमचा तो अ‍ॅम्प्लिफायर अजून बोलतो का? मी बेस शिकतेय." मी म्हटले, "बघतो." त्या एका 'बघतो'ने चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे माझे एक पाप उघडकीस आणले. त्याचीच ही हकीकत.

बेस गिटार म्हणजे काय, हे समजावून सांगण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. "सहाऐवजी चारच तारा? स्वस्त पडते वाटते!" असे आमच्या मामांनी विचारले होते. खरे म्हणजे हे वाद्य त्या पुरुषभर उंचीच्या डबल बेसचे धाकटे भावंड. १९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने ते गळ्यात अडकवण्याजोगे करून बाजारात आणले. मानेवर पडद्या बसवल्यामुळे सूर अचूक लागतो म्हणून त्याचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. या गृहस्थाविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. तो आधी हिशेबनीस होता, मग त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले, आणि जगाला गिटारी पुरवणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! आमच्या दादाचेही तसेच. त्याला सा आणि प यांतला फरक कळत नसे. पण वाद्य का बोलत नाही, हे मात्र वाद्याच्या धन्याआधी कळे.

दादा गिरणीत वायरमन होता आणि रविवारी चाळीतले रेडिओ दुरुस्त करी. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. १९७९ साली आमच्या ऑर्केस्ट्रातला बेस वाजवणारा गडी नोकरीसाठी आखाती देशात निघाला आणि त्याची गिटार मी विकत घेतली. त्या काळी परदेशी वाद्य मिळणे म्हणजे लॉटरी लागणे. ही देशीच होती. दादाने ती बंदुकीसारखी डोळ्याला लावली, सुतार फळी पारखतो तशी मान पारखली आणि म्हणाला, "धनुष्य आहे हे. रामाला दे." मानेतली सळई किल्लीने हळूहळू आवळून त्याने चार दिवसांत तिचा बाक काढला. मी तार छेडली. डास गुणगुणल्यासारखा आवाज आला.

"एवढाच?" वहिनी म्हणाली. तिचे लग्न होऊन आठच महिने झाले होते. दिराच्या कर्तृत्वाविषयी तिला अजून आशा होती.

विजेच्या गिटारला पोट नसते. तारेखालचे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे मिळून जो इवलासा विद्युत्प्रवाह निर्माण करतात, त्याला कोणीतरी मोठे करावे लागते. हा 'कोणीतरी' विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती. तेव्हा दादाने तो घरीच बांधायचे ठरवले. आम्ही चार-पाच शनिवार लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून हिंडलो. ट्रान्सफॉर्मर एका जुन्या यंत्रातला मिळाला, चिलखत घातल्यासारखे दिसणारे दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर नवे घेतले, आणि बारा इंची स्पीकर घेताना दादाने दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस केली. सगळे मिळून आवाज चाळीस वॅटचा. पत्र्यावर भोके पाडणे माझ्याकडे. कथलाचा डाग द्यायचे काम दादा कोणाला करू देत नसे.

स्पीकर जोडला आणि मी तार छेडली. पुन्हा निराशा! आवाज मोठा, पण पोकळ. दादा हसला. त्याने दाराएवढ्या प्लायवूडला गोल भोक पाडून स्पीकर त्यावर धरला आणि म्हणाला, "आता वाजव." जमीन हादरली. शेजारच्या खोलीतली भांडी खणखणली. माझ्या अंगावर काटा आला. दादाने सांगितले ते असे: स्पीकरचा कागद पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची सैल होते, मोकळा ठेवला तर या दोन हवा कडेने एकमेकींना भेटतात आणि खर्ज जागच्या जागी मिटतो. त्यांची भेट होऊ द्यायची नाही, म्हणून खोका. "वॅट मागाहून मोज," तो म्हणाला, "आधी लाकूड मोज." पाऊण इंची प्लायवूड, सरस आणि स्क्रू, खिळा एकही नाही, कारण खिळा पुढेमागे ढिला होऊन किणकिणतो. आत आईच्या जुन्या गोधडीचे अस्तर. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते आणि तिच्या एका लाटेची लांबी सत्तावीस फूट भरते. आमची खोली होती बारा फुटांची. म्हणजे लाटेचा अर्ध्याहून अधिक भाग शेजाऱ्यांकडे जाई. आणि शेजारी तो परत करायला येत.

दादाने एकच नियम घालून दिला. आवाजाच्या खुंटीवर त्याने शून्य ते दहा आकडे रंगवले आणि सांगितले, "सहाच्या पुढे जायचे नाही. पुढे आवाज वाढत नाही, नुसती उष्णता वाढते." त्यामागे गणितही होते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट दुप्पट करून भागत नाही, सुमारे दहापट करावे लागतात. चाळीसच्या यंत्राकडून चारशेचे काम मागणे म्हणजे स्पीकरचा जीव घेणे. मला हे पाठ होते. पण १९८१ च्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मांडवात समोर पाचशे माणसे, शेजारी दांडगा ड्रमवाला आणि पहिल्या रांगेत कॉलेजातल्या तीन मुली, असा योग आला. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस ऐकून मी वेडावलेला. तसाच आपलाही सूर त्या मुलींच्या छातीत घुमावा, असे मला वाटले. मी खुंटी फिरवली. सात. आठ. दहा. दोन गाणी मी स्वर्गात होतो. तिसऱ्या गाण्यात जळक्या वार्निशचा वास आला आणि स्वर्ग बंद पडला.

घरी येऊन मी दादाला सांगितले, "मांडवात लाइटचा दाब फार वाढला होता."

दादा माझ्याकडे जरासा पाहत राहिला. मग म्हणाला, "अस्सं."

चार रविवार त्याने त्या खोक्यासमोर मांडी घातली. दोन्ही ट्रान्झिस्टर गेले होते, स्पीकरची कॉइल जळून काळी झाली होती. नवा स्पीकर आला तो दिवाळीच्या बोनसमधून. आणि वहिनीला पाडव्याला घ्यायची म्हणून ठरलेली साडी राहून गेली. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "त्या मांडववाल्यांना विजेचे काही कळत नाही बाई!" माझ्या तोंडातली करंजी फिरायची थांबली.

तो बोनस गिरणीचा शेवटचा ठरला. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. दादा त्यांतलाच एक. जिन्याखाली टेबल टाकून तो रेडिओ दुरुस्त करू लागला. पण संपकऱ्यांच्या वस्तीत दुरुस्तीचे पैसे द्यायला तरी कोणाकडे होते? त्या वर्षी आमच्या घरी जे धान्य येई, त्यातले बरेचसे माझ्या ऑर्केस्ट्राच्या बिदागीवर येई. बारशापासून सत्यनारायणापर्यंत मी कुठेही वाजवले. खोका डोक्यावर घेऊन दादा बरोबर येई. आणि नवल असे, की तो खोका पुन्हा कधी जळला नाही. नव्या स्पीकरचा आवाज मात्र मला जरा दबका वाटे. मग मी दादाची पाठ वळली की खुंटी सातवर, आठवर, थेट दहावर नेई. काही होत नसे! आपले यंत्र आता पक्के झाले आणि आपला हातही, अशी माझी समजूत झाली.

असो. नातीसाठी खोका पलंगाखालून ओढला, वीज दिली, तर आतून जाडसर गुरगुर सुरू झाली. दादाची शिकवण आठवली. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. अर्थिंगमध्ये घोळ असला तर त्याच पन्नासाची खोल गुरगुर येते; आतले कंडेन्सर सुकले तर शंभराची, म्हणजे एक सप्तक वरची. बेसची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर अठ्ठ्याण्णव वेळा थरथरते. मी ती मिळवून छेडली. तार आणि गुरगुर मिळून सेकंदाला दोन झोके घेऊ लागली. म्हणजे दोष कंडेन्सरचाच. (तरुणपणी मी कधीकधी घाईत याच गुरगुरीवर तार मिळवीत असे, गायिका माझ्याकडे रागाने का बघत, हे तेव्हा कळत नव्हते.) हल्ली काही शहाणे गुरगुर घालवायला प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. दादा अशा माणसाला दारात उभा करीत नसे. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच भर कार्यक्रमात मरण पावला. गुरगुरीने माणूस मरत नाही.

लॅमिंग्टन रोडला जाऊन मी कंडेन्सर आणले. रात्री जेवणे आटोपल्यावर मागची फळी काढली. प्लग काढल्यावरही कंडेन्सरच्या पोटात वीज शिल्लक असू शकते, ती आधी उतरवली. मग दिव्याचा प्रकाश आत पाडला, आणि फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दिसल्या. दादाचे अक्षर. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बिघाड आणि कारण. 'वायर तुटली. कारण : उंदीर.' 'खुंटी खरखरते. कारण : धूळ.' त्याच्याखाली, ऑक्टोबर १९८१ : 'स्पीकर व दोन्ही ट्रान्झिस्टर जळाले. कारण : धाकटा. (म्हणतो लाइटचा दाब.)' आणि त्याखाली आणखी एक ओळ : '३३० के घातला. आता खुशाल दहावर फिरवू दे.'

मी आत पाहिले. आवाजाच्या खुंटीच्या आधी एक चिमुकला रेझिस्टर डागलेला होता. नारिंगी, नारिंगी, पिवळा : तीन लाख तीस हजार ओहम. खुंटी स्वतः एक लाखाची. म्हणजे गिटारचा चौथाईहून कमी जोर पुढे पोचत होता. माझे दहा म्हणजे दादाचे जुने सहा होते! संपाच्या त्या वर्षात, जेव्हा स्पीकर जळला असता तर दुसरा आणायला घरात दमडी नव्हती, तेव्हा मी रोज रात्री खुंटी दहावर नेऊन स्वतःला धाडसी समजत होतो.

कंडेन्सर बदलले. साठचा जपून ठेवलेला बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब एकदा भडकला आणि मंदावला. सगळे ठीक होते. गुरगुर थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की मला बसवेना.

या दिवाळीत पाडव्याला खोका टॅक्सीत घालून डोंबिवलीला नेला. दादा आता पंचाहत्तरीचा आहे, कानाला यंत्र लावतो. त्या ओळींचा फोटो मी त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा चढवला, वाचले, आणि हसत आत हाक मारली, "अगं, सापडलं त्याला!"

"एवढी वर्षं लागली?" वहिनी पदराला हात पुसत आली. म्हणजे तिलाही ठाऊक होते! मी पिशवीतली साडी तिच्या हातात ठेवली. काय बोलावे ते सुचेना. तिने घडी उलगडली, काठ पाहिला आणि म्हणाली, "किमतीचं तरी खरं सांग हं. नाहीतर म्हणशील, बाजारात दाब वाढला होता."

तेवढ्यात नात गिटार घेऊन आली. मागची फळी मी आवळून बसवली होती. तिने वायर जोडली, खुंटीवरचे झिजलेले आकडे न्याहाळले आणि विचारले, "आजोबा, हा पार दहापर्यंत फिरवला तर चालेल ना? बिघडणार नाही?"

दादाला ते कसे कोण जाणे, पण बरोबर ऐकू आले. आम्ही दोघे एकदम म्हणालो, "खुशाल फिरव."