कवाड

आमच्या घराचं पुढचं दार सागवानी आहे. वडलांनी बसवलेलं. दोन कवाडं, जाड पितळी कड्या. त्यातल्या उजव्या कवाडाची कडी तिरपी बसली आहे. लावताना कवाड जरा उचलून धरावं लागतं. पाहुणे म्हणतात, "नाना, सुतार बोलवून घ्या ना." मी म्हणतो, "राहू द्या." कारण सांगायचं तर मला पार किल्लारीपासून सुरुवात करावी लागते.

३० सप्टेंबर १९९३. मुगाच्या शेंगा घरात आल्या होत्या, कपाशीला बोंडं धरली होती. सकाळी रेडिओवर ऐकलं की लातूर-उस्मानाबादकडं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक थकून झोपले होते, तसेच गाडले गेले. दुपारपर्यंत बोदवडच्या बाजारात एकच बोलणं. घराघरातून भाकरी, चटणी, जुनी लुगडी, गोधड्या जमा झाल्या. एका व्यापाऱ्यानं ट्रक दिला. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, "भाकरी घेऊन जाणारे पुष्कळ असतील, मी औषधं घेऊन येतो." त्यांच्याबरोबर त्यांचा कंपाउंडर, मार्केटातले दोन हमाल, एक सुतार आणि मी. मला घेतलं ते विहिरीच्या कामामुळे. दगड कुठून काढला म्हणजे वरचा ढासळत नाही, एवढं मला कळायचं.

जामनेर, अजिंठ्याचा घाट, औरंगाबाद, बीड, अंबाजोगाई, लातूर. औशाच्या पुढं पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो तेव्हा गाव असं काही दिसलंच नाही. दगडमातीचे ढीग, त्यातून वर आलेली लाकडं. तिकडची घरं जाड दगडी भिंतींची, वर माळवदावर हातभर माती. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून रचलेलं, तेच अंगावर आलं. ५२ गावं पार झोपली, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी डोळ्यांपुढं एवढंच की जिकडं तिकडं चिता पेटलेल्या आणि पावसानं त्या धड जळत नव्हत्या.

लष्कराचे जवान होते, पण गावं पुष्कळ अन् हात थोडे. डॉक्टर एका ओसरीपाशी जखमींना पाहू लागले. आम्ही तिघं पुढं गेलो. एका ढिगाऱ्यातून आवाज आला. माझ्याच वयाचा माणूस, कमरेपर्यंत दगडात. आम्ही दगड काढत गेलो. मी विचारलं, "पाय आहेत का हो भाऊ?" तो म्हणाला, "हायेत की, बोटं हलत्यात बगा." खरंच हलत होती. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू. दोघांनी बगलेत हात घातले, एकानं पाय धरले आणि ओढलाच बाहेर. घोंगडीत घातला, चार कोपरे धरून झोळीसारखा नेला. वाटेत दोनदा चिखलात घसरलो.

ओसरीवर ठेवला तेव्हा तो म्हणाला, "माझं पाय कुटं गेलं?"

पाय होते जागेवर. डॉक्टरांनी बाभळीचा काटा घेऊन तळव्याला टोचला. त्याला काही कळलं नाही. मांडीला टोचला, तरी नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उचलायच्या आधी मला हाक मारायची होती." कणा मोडलेला होता, पण आतला दोरा शाबूत होता. आम्ही ओढाओढ केली, झोळीत त्याची पाठ वाकवली, त्यात तो दोरा गेला असावा. त्याला सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीत चढवलं. नाव मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

सांजच्याला एक बाई सापडली. मांडीवर तुळई पडलेली, दीड दिवस तशीच. शुद्धीत होती, बोलत होती. हमाल तुळईला हात घालणार तोच डॉक्टर ओरडले, "थांबा! तुळई हलवू नका." आम्हाला वाटलं, डोकं फिरलं यांचं. त्यांनी आधी सलाईन लावलं, बाटली काठीला टांगली. एक संपली, दुसरी लावली, मग म्हणाले, आता उचला, हळू. रात्री ट्रकमध्ये बसल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं. मांस तासन् तास दबलं की मरतं आणि त्यात विष तयार होतं. वजन एकदम काढलं की ते विष रक्तातून हृदयाकडं अन् मूत्रपिंडाकडं धावतं. हसत-बोलत बाहेर आलेला माणूस थोड्या वेळात जातो. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हे नीट लिहून ठेवलं. म्हणून आधी पाणी, मग वजन.

त्या बाईला आम्ही झोळीत घातलं नाही. सुताराने पडलेल्या घराचं एक कवाड बिजागरीतून सोडवलं. त्यावर तिला सरळ निजवलं, लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलं. पुढं तिचं काय झालं ते कळलं नाही.

मंगरूळला दीड वर्षाची पोर पाच दिवसांनी लोखंडी पलंगाखाली जिवंत सापडली, हे परत आल्यावर पेपरात वाचलं. सारा गाव खुश झाला. मी पण झालो. रात्री मात्र मला ती हलणारी बोटं दिसत.

पुढं डॉक्टरांनी शाळेच्या पडवीत दर रविवारी आम्हा दहा-बाराजणांना शिकवायला घेतलं. ओरडतो त्याच्याकडं नंतर जा, तो श्वास घेतो आहे. गप्प पडलेल्याकडं आधी जा. रक्त वाहत असेल तर तिथं स्वच्छ फडकं घट्ट दाबून धर, सारखं उघडून पाहू नको. उंचावरून पडलेल्याची मान अन् पाठ एका रेषेत ठेव. बाजेवर घालू नको, बाज मधे खोल जाते. मी दहावीपर्यंत शिकलेलो, पण त्या वहीइतकी मन लावून वही मी शाळेत कधी लिहिली नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचा पोरगा विहिरीत पडला. पाणी नव्हतंच, चाळीस फूट खाली खडक. यारीचा दोर हातातून सुटला होता. मी पोहोचलो तेव्हा दोघं खाली उतरले होते आणि त्याला खांद्यावर घ्यायच्या बेतात होते. मी वरून बोंबललो, "त्याले हात लावू नका रे! जसा हाये तसाच राहू द्या!" पोराची आई मला म्हणाली, "नाना, माह्या लेकराले मारता का?" तिचं बरोबर होतं. लेकरू खाली कण्हत पडलेलं आणि मी थांबा म्हणतो.

मी घराकडं पळालो. पहार घातली बिजागरीत आणि उजवं कवाड काढलं. घरची ओरडली, "दार कुठी चाललं?" सांगायला वेळ नव्हता. कवाड यारीला बांधून खाली सोडलं. मी उतरलो. पोराला विचारलं, "बोटं हालवता येतात का?" हालवली त्यानं. माझ्या अंगाला कापरं सुटलं. चौघांनी एका हुकमानं त्याला उचलून कवाडावर सरकवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उपरण्याची गाठोडी लावली, साड्यांनी पाऊल ते कपाळ बांधलं आणि वरच्याला सांगितलं, हळू ओढ. अर्धा तास लागला. वर आल्यावर मी पहिलं काय पाहिलं असेल तर त्याच्या पायाची बोटं.

दवाखान्यात कळलं की मणका फुटला आहे, पण दोरा वाचला. पोरगा सात महिने पडून होता. आज जरा लंगडतो, पण स्वतःच्या पायावर शेतात जातो.

आता दिवस बदलले. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, त्यात डॉक्टर असतो. पुण्याजवळ राष्ट्रीय आपत्ती दल आहे, धुळ्याला राज्याचं आहे. पण २२ जानेवारी २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, पाचोऱ्याजवळ परधाड्याला, आग लागल्याच्या अफवेनं पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसनं तेरा जणांना नेलं. अशा जागी गाडी यायला वेळ लागतोच. तोवर जवळ असतात ती शिवारात काम करणारी माणसं. त्यांचे हात चांगले असतात, माझेही होते. हाताला फक्त थांबायचं कधी, हे ठाऊक पाहिजे.

कवाड दुसऱ्या दिवशी मीच परत बसवलं. घाईत कडी तिरपी लागली. रात्री कवाड उचलून कडी लावताना तो किल्लारीचा माणूस आठवतो, ज्याचं नाव मी विचारलं नाही. म्हणून सुतार बोलावत नाही.