चहाआधीचा अर्धा तास

गोळी असताना सुई कशाला, असं माझं मत होतं आणि ते मी रुग्णांना ठासून सांगत असे. आता सांगत नाही. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. साखर आणि वजन दोन्ही वाढलेली माणसं रोज समोर बसतात, त्यांत बायका जास्त. त्यांतल्या अनेकींना आज मी आठवड्याच्या इंजेक्शनकडे वळवते. मत कसं फिरलं ते लिहावंसं वाटलं, कारण साखर आणि वजन उतरवणारी ही नवी औषधं आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाहीत आणि ‘गोळी की इंजेक्शन’ हे पुष्कळ घरांत विचारलं जाऊ लागलंय.

गोळीवरचा माझा विश्वास वैद्यकाच्या पुस्तकातून कमी आणि घरातून जास्त आला होता. माझे वडील मधुमेही होते. “मी अजून गोळ्यांवर आहे,” हे ते पाहुण्यारावळ्यांना अभिमानानं सांगायचे. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, त्यापुढे काही नाही, अशी समजूत आमच्या घरात होती आणि आजूबाजूच्या घरांतही तीच होती. हीच माणसं तापाला मात्र डॉक्टरांकडे हक्कानं सुई मागतात. नुसत्या गोळ्या दिल्या तर नाराज होऊन जातात. दवाखान्यात टोचून घेतली तर ती उपचार, घरी स्वतःच्या हातानं टोचावी लागली तर आजार कायमचा मुक्कामाला आला, असा हा हिशेब. डॉक्टर झाल्यावरही तो माझ्या मनातून पुरता गेला नव्हता. रुग्णाला सुई न लावता बरं ठेवणं हे मला माझं कर्तव्य वाटायचं.

त्यात सेमाग्लुटाइडची गोळी आली. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि साखर वाढलेली असेल तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पण रक्तात ते दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड हा त्याच घडणीचा रेणू. तो निम्मा व्हायला जवळजवळ आठवडा लागतो. अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला मधुमेहासाठी २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, गोळीला २०१९ मध्ये. आपल्याकडे गोळी, म्हणजे रायबेल्सस, जानेवारी २०२२ मध्ये आली. याच वर्गातल्या तिर्झेपटाइडचं मौन्जारो हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये आलं. मधल्या तीन वर्षांत आम्हा गावोगावच्या डॉक्टरांच्या हाती होती ती गोळीच. ती मधुमेहासाठीची, पण तिनं वजनही उतरायचं. माझं मत या काळात पक्कं झालं.

माझ्याकडे कारणं होती आणि ती पोकळ नव्हती. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि भारनियमन सांगून येत नाही. गोळीला फ्रिज लागत नाही. तिची पट्टी कोरडी ठेवली की झालं. दुसरं, परिणामात फार फरक नव्हता. वजनासाठीच्या इंजेक्शनच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं होतं. पुढे २५ मिलिग्रॅमच्या गोळीची चाचणी झाली, तिच्यात ६४ आठवड्यांत १३.६ टक्के. अमेरिकेनं ती गोळी डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी मंजूरही केली. तेच औषध, जवळपास तोच आकडा. मग माणसाला का टोचायचं? तिसरं कारण मी रुग्णांना सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं: “मळमळलं, उलट्या झाल्या, तर गोळी उद्या बंद करता येते. टोचलेलं औषध बाहेर काढता येत नाही.”

हे शेवटचं कारण आधी ढासळलं. गोळीतला रेणू तोच आहे. रक्तात गेल्यावर तो गोळीतून आला की सुईतून, यानं त्याच्या मुक्कामात फरक पडत नाही. गोळी आज बंद केली तरी शरीरातून ते औषध पुरतं जायला पाच आठवडे लागतात. हे मला माहीत होतंच, पण ‘गोळी बंद म्हणजे औषध बंद’ ही जुनी समजूत इतकी घट्ट होती की माहिती एकीकडे आणि तोंडातलं वाक्य दुसरीकडे, असं चाललं होतं. गोळी थांबवूनही दहा-दहा दिवस अन्न नकोसं होणाऱ्या बाया परत आल्या, तेव्हा मी ते वाक्य सोडलं.

मुख्य गोष्ट मात्र वेगळी होती. सेमाग्लुटाइड हे प्रथिनासारखं औषध आहे; पोटातलं आम्ल आणि पाचक रस त्याचे तुकडे करतात. म्हणून गोळीत त्याच्यासोबत ३०० मिलिग्रॅम एसएनएसी नावाचा घटक घालतात. गोळी जठराच्या अस्तराला टेकून विरघळते, हा घटक तिच्याभोवतीचं आम्ल थोडा वेळ थोपवतो आणि तेवढ्या अवधीत थोडंसं औषध अस्तरातून रक्तात शिरतं. किती थोडं? शंभरातला एक भागही नाही. १४ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तर आठवड्याचे ९८ मिलिग्रॅम होतात. इंजेक्शनमध्ये त्याच कामाला आठवड्याला १ मिलिग्रॅम पुरतं. इतक्या अरुंद फटीतून औषध आत जायचं असेल, तर फट उघडी राहण्याच्या अटी कडक असणारच. पोट रात्रभर रिकामं हवं. पाणी अर्धा ग्लास, त्याहून जास्त नको. त्यानंतर किमान अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरी गोळी नाही.

हा अर्धा तास मी कागदावर एका ओळीत लिहून देत होते.

मग एका बाईंनी, सून, दोन नातवंडं आणि अंथरुणाला खिळलेले यजमान अशा घरातल्या, मला शांतपणे विचारलं, “मॅडम, तुम्ही म्हणता तो अर्धा तास कुठून आणू?” मी त्यांना त्यांची सकाळ सांगायला लावली. पाचला उठायचं, पाणी भरायचं, यजमानांचं आवरायचं. सहाला सगळ्यांचा चहा, त्यात त्यांचाही अर्धा कप, उभ्यानंच. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या, कारण तीही उपाशीपोटीच हवी. आणि ही गोळी? ती त्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेत होत्या, एकाच घोटात, कारण दोन्हींवर ‘रिकाम्या पोटी’ लिहिलं होतं. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर थायरॉक्सिन रक्तात सुमारे ३३ टक्के जास्त उतरतं असं औषधाच्या माहितीपत्रकात नोंदलेलं आहे. छातीत धडधडतंय म्हणून त्या आल्या होत्या.

त्या दिवसापासून मी प्रत्येकीला सकाळ विचारू लागले आणि ऐकून सुन्न व्हायला झालं. चहा उशिरा घ्यायला कुणाची हरकत नव्हती. आपल्या बायका भूक मारण्यात तरबेज आहेत. अडचण ही, की सकाळचा तो वेळ त्यांच्या मालकीचाच नव्हता. कुणी हाक मारली की गोळी राहून जायची आणि आठवण यायची ती चहा झाल्यावर. मग ‘बुडवू नये’ म्हणून चहावरच घ्यायच्या. मी तपासण्या बघून म्हणायची, औषधाचा गुण येत नाही, डोस वाढवू. डोस वाढत होता आणि औषध पोटातच वाया जात होतं, पैशासकट. पुरुषांचं तसं नव्हतं. त्यांच्या हातात पाण्याचा अर्धा ग्लास आणून देणारं, घड्याळ बघून चहा देणारं घरात कुणीतरी होतं. त्यांना गोळी छान लागू पडायची. ज्या औषधाला मी सोपं म्हणत होते, ते ज्याची सकाळ दुसरं कुणी सांभाळतं त्यालाच सोपं होतं.

आठवड्याच्या इंजेक्शनला जेवणाशी देणंघेणं नाही. उपवास असो, लग्नाची पंगत असो, सकाळ असो वा रात्र, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायचं. पेनची सुई चारेक मिलिमीटरची, केसासारखी बारीक. पहिल्यांदा मी दवाखान्यात समोर बसून त्यांच्याच हातानं घ्यायला लावते. टोचून झाल्यावर बहुतेकींचा एकच प्रश्न असतो: “झालं?” आमच्या भागात पुष्कळजणी वार ठरवतात तो गुरुवार. गजानन महाराजांचा वार, तो विसरत नाही. रात्री भांडी आवरून, दार लोटून घ्यायचं. हप्त्यातली ती पाच मिनिटं त्यांना मिळतात. सुई म्हणजे हार, ही माझ्या वडिलांकडून आलेली भावना या बायांना बघून विरली. वडिलांना कुणी अशी चार मिलिमीटरची सुई हातात देऊन समजावलं असतं, तर त्यांनी इतकी वर्षं इन्सुलिन टाळलं असतं का, असं मनात येतं.

इंजेक्शनचा पुरस्कार करायला लागल्यावर एका मोहापासून मात्र मी स्वतःला जपते, आणि तो आकड्यांचा आहे. तिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं समोरासमोर ठेवून झालेल्या २०२५ च्या चाचणीत पहिल्यानं २०.२ टक्के वजन घटलं, दुसऱ्यानं १३.७. ऐकणाऱ्याला वाटतं, जास्त टक्के तेच औषध भारी. आपल्या शरीराला हे गणित जसंच्या तसं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपण वरून सडपातळ दिसतो तेव्हाही चरबी जास्त आणि स्नायू कमी, असं आपलं असतं. आणि या औषधांनी वजन उतरतं त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. साठीच्या बाईचं वजन झपाट्यानं उतरलं आणि जिना चढताना तिचे पाय थरथरू लागले, तर मला त्या टक्क्यांचा आनंद होत नाही. म्हणून मी डोस सावकाश वाढवते. पुष्कळदा खालच्याच डोसवर थांबते. वरण घट्ट करा, मोड आलेली कडधान्यं खा, चालत असेल तर रोज अंडं खा, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम करा, हे औषधाइतक्याच गांभीर्यानं लिहून देते. आणि उपवासाची तेलकट साबुदाण्याची उसळ या औषधावर बंद, कारण मंदावलेल्या जठरात ती तासन्‌तास बसून राहते.

गोळीबद्दल आणखी एक भीती मला नव्यानं वाटू लागली आहे. गोळी हातोहात फिरते. बहिणीला गुण आला म्हणून नणंदेला, लग्न ठरलं म्हणून भाचीला. वजनाच्या गोळ्यांचा इतिहास काही चांगला नाही. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपांच्या विकारामुळे १९९७ मध्ये मागे घ्यावी लागली. सिब्युट्रामीन २०१० मध्ये अमेरिकेत थांबली, नंतर भारतातही बंदी आली. सेमाग्लुटाइड त्या जातीचं नाही. उलट, हृदयरोग असलेल्या १७,००० हून अधिक जणांच्या चाचणीत त्यानं हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगानं होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले. पण पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाचा दाह, गरोदरपणाच्या किमान दोन महिने आधी औषध थांबवणं, हे भाचीला कोण सांगणार? पेनही उसनं दिलं जाईल, नाही असं नाही. तरी टोचायला शिकवायच्या निमित्तानं माणूस एकदा तरी समोर बसतं, आणि ते बसणं मला हवं असतं.

पैशाचा प्रश्न यानं सुटत नाही. मौन्जारोची सगळ्यात लहान कुपी भारतात आली ती ३,५०० रुपयांना, आणि ती एका आठवड्याची. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं हेही चाचणीतच दिसलं आहे, म्हणजे खर्च वर्षानुवर्षांचा. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. त्यापुढे देशी कंपन्यांना वाट मोकळी. स्वस्त पेन गावात आलं, तर दुकानातला फ्रिज रात्रीही चालू ठेवा, हे मी औषधवाल्यांना आतापासून सांगते आहे.

ऑर्फोरग्लिप्रॉन नावाची गोळी माझं मत पुन्हा हलवू शकेल. तो प्रथिनाच्या घडणीचा रेणू नाही, म्हणून पोटात तुटत नाही. पाण्याची अट नाही, उपाशीपोटाची नाही, अर्ध्या तासाची नाही. ७२ आठवड्यांच्या चाचणीत वरच्या डोसला सरासरी ११.२ टक्के वजन उतरलं, इंजेक्शनांपेक्षा कमी. माझ्या बायांसाठी तो आकडा मला पुरेसा वाटतो. ती गोळी परवडणाऱ्या किमतीत या गावात मिळाली तर मी तीच आधी लिहून देईन.

तोवर सेमाग्लुटाइडची गोळी मी पुरती सोडलेली नाही. एक एसटी वाहक माझ्याकडे येतात. मुक्कामी गाडीवर असले की रात्र दुसऱ्या गावच्या आगारात काढतात. तिथे फ्रिज नाही, उन्हाळ्यात पिशवीतलं पेन टिकायचं नाही. पहाटे उठून ते गोळी घेतात, तोंड धुतात, तिकिटाचं मशीन तपासतात, आणि कँटीन उघडेपर्यंत अर्धा तास कधीच होऊन गेलेला असतो. त्यांची साखर आटोक्यात आहे, पट्टा दोन भोकं आत गेला आहे. त्यांना मी इंजेक्शन सुचवलेलं नाही.